ड्रेस्डेनचे ग्रंथपाल एर्न्स्ट फोर्स्टेमान

सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन येथील राजग्रंथालयाचे प्रमुख योहान क्रिस्तियान ग्योट्से हे इ. स. १७३९ मध्ये दुर्मिळ ग्रंथांच्या शोधार्थ प्रवासाला निघाले असता व्हिएन्ना नगरात एका गृहस्थापाशी त्यांना एक विलक्षण पोथी मिळाली. ती आपल्या पोथ्यांसारखी सुट्या पानांची नव्हती, की युरोपातील ग्रंथांसारखी शिवलेलीही नव्हती. सुमारे बारा फूट लांबीची एक अखंड पट्टी मागे-पुढे घड्या घालून मिटलेली होती. झाडाच्या अंतर्सालीपासून केलेला कागद, त्यावर चुन्याचा गुळगुळीत लेप, आणि त्या लेपावर तांबड्या-काळ्या रेषांनी काढलेली चित्रे असे तिचे स्वरूप होते. एकूण ३९ पाने व दोन्ही बाजू मिळून ७८ पृष्ठे; त्यांपैकी चार कोरी. उरलेल्या ७४ पृष्ठांवर विचित्र मुखांचे देव, सर्प, पक्षी, चौकोनी ठशांसारखी अक्षरे आणि ठिपके व आडव्या रेघा यांच्या रांगाच रांगा होत्या. ग्योट्से यांनी ती पोथी मेक्सिकोकडील असावी एवढे ओळखले, तिची नोंद केली आणि ती ग्रंथालयात ठेवून दिली. तिचा अर्थ मात्र कोणालाच लागेना.

अशी सुमारे एकशे चाळीस वर्षे गेली. या काळात पोथीकडे कोणी पाहिलेच नाही असे नाही. आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या विख्यात प्रवासी पंडिताने इ. स. १८१० मध्ये तिची पाच पृष्ठे आपल्या ग्रंथात छापली. पुढे लॉर्ड किंग्जबरो नावाच्या आयरिश उमरावाने आग्लिओ या इटालियन चित्रकाराकडून संपूर्ण पोथीची नक्कल काढवून ती मोठमोठ्या खंडांत प्रसिद्ध केली. या हौसेपायी तो कर्जबाजारी झाला आणि डब्लिनच्या ऋणकोंच्या तुरुंगात इ. स. १८३७ मध्ये मरण पावला. ठिपका म्हणजे एक आणि रेघ म्हणजे पाच, इतके राफिनेस्क नावाच्या एका पंडिताने इ. स. १८३२ मध्ये ताडले होते. परंतु हे आकडे कशाचे, हा प्रश्न तसाच राहिला. तो ज्यांनी सोडविला ते एर्न्स्ट फोर्स्टेमान हे ना ज्योतिषी होते, ना पुराणवस्तुसंशोधक. माया लोकांचा देश त्यांनी जन्मात पाहिला नाही. त्या ग्रंथालयाचे ते ग्रंथपाल होते.

फोर्स्टेमान यांचा जन्म दि. १८ सप्टेंबर १८२२ रोजी डान्झिग या बाल्टिक समुद्रावरील बंदरात झाला. वडील तेथील विद्यालयात गणिताचे शिक्षक होते. मुलाने मात्र गणित सोडून भाषाशास्त्राचा मार्ग धरला आणि इ. स. १८४४ मध्ये हाले विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. तथापि घरातले गणित त्यांच्या हाडीमासी खिळलेले असावे. जर्मन, ग्रीक, लॅटिन या भाषांत कोणता ध्वनी किती वेळा येतो हे मोजून त्यांची प्रमाणे काढण्याचा उद्योग त्यांनी तरुणपणीच केला. भाषेच्या अभ्यासात मोजदाद करणे हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. परीकथांचे संग्राहक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या याकोब ग्रिम यांच्या प्रेरणेने त्यांनी प्राचीन जर्मन नावांचा कोश हाती घेतला. व्यक्तिनामांचा खंड इ. स. १८५६ मध्ये आणि स्थलनामांचा १८५९ मध्ये बाहेर पडला. जुन्या सनदा, मठांच्या नोंदवह्या, दानपत्रे यांतून एकेक नाव वेचून काढण्याचे हे काम किती कष्टाचे, याची कल्पना ज्याने एखाद्या गावाची जुनी कागदपत्रे चाळली आहेत त्यालाच येईल. अपरिचित शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे सामान्य लोक त्याला ओळखीच्या शब्दाचे रूप देतात, त्या प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती हे नाव जर्मन भाषेत प्रथम त्यांनीच इ. स. १८५२ मध्ये दिले. आज जगभर ती संज्ञा चालते. ती देणाऱ्याचे नाव फारसे कोणाला आठवत नाही.

हार्ट्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या वेर्निगरोडे या गावी तेथील सरदार घराण्याच्या ग्रंथसंग्रहावर ते इ. स. १८५१ पासून होते. पुढच्या दशकात ड्रेस्डेनच्या राजग्रंथालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ग्रंथांची मांडणी, सूची, वाचकांची सोय यांत त्यांनी तेथे पुष्कळ सुधारणा केल्या. माया पोथी त्यांच्या ताब्यातील असंख्य वस्तूंपैकी केवळ एक होती. तिच्याकडे ते वळले तेव्हा त्यांचे वय पन्नाशी ओलांडून साठीकडे झुकले होते.

येथे एका दुसऱ्या माणसाची हकीकत सांगणे भाग आहे. कारण त्याच्यावाचून ही पोथी कदाचित कोणालाच वाचता आली नसती. दिएगो दे लांदा हा स्पॅनिश धर्मोपदेशक युकातान प्रांतात ख्रिस्ती धर्माचा प्रसार करीत होता. नव्याने ख्रिस्ती झालेले माया लोक गुप्तपणे जुन्या देवांची पूजा करतात असे कळताच त्याने त्यांचा अनन्वित छळ केला, आणि दि. १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी त्यांच्या मूर्ती व पोथ्या यांची होळी केली. शतकानुशतकांचे ज्ञान त्या दिवशी भस्मसात झाले. पुढे याच लांदाने स्पेनमध्ये असताना त्या देशाविषयी एक वृत्तान्त लिहिला, आणि त्यात माया लोकांच्या दिवसांची व महिन्यांची नावे त्यांच्या चिन्हांसह नोंदवून ठेवली. त्या वृत्तान्ताची एक नक्कल माद्रिदमध्ये ब्रासर दे बूरबूर या फ्रेंच धर्मगुरूला इ. स. १८६२ मध्ये सापडली आणि १८६४ मध्ये ती छापली गेली. ज्या हाताने पोथ्या जाळल्या त्याच हाताने वाचलेल्या पोथ्यांची किल्लीही लिहून ठेवली होती. फोर्स्टेमान यांच्या मेजावर ही किल्ली होती.

तरीही त्यांनी आरंभ अर्थ लावण्यापासून केला नाही. पोथीची विश्वसनीय प्रत अभ्यासकांच्या हाती असली पाहिजे, हे त्यांनी प्रथम ओळखले. पूर्वीच्या प्रती चित्रकाराने हाताने काढलेल्या होत्या. ज्याला अक्षराचा अर्थ ठाऊक नाही त्याच्या हातून एखादा ठिपका सुटणे वा एखादी रेघ अधिक पडणे सहज शक्य होते, आणि जेथे सारा मजकूरच अंकांचा तेथे एका ठिपक्याने हिशेब कोसळतो. त्या काळी नव्याने निघालेल्या छायाचित्राधारित रंगीत मुद्रणाच्या साहाय्याने त्यांनी इ. स. १८८० मध्ये संपूर्ण पोथीची हुबेहूब प्रत काढली. तिचे अवघे साठ संच छापले गेले. या साठ संचांचे मोल किती होते हे पुढे येईलच.

मग त्यांनी मोजावयास प्रारंभ केला.

माया अंकलेखन आपल्या अंकलेखनाहून निराळे दिसत असले तरी त्याचा गाभा आपल्याला परका नाही. त्यातही स्थानावरून किंमत ठरते आणि त्यातही शून्य आहे. आपण अंक आडवे मांडतो व प्रत्येक घराची किंमत दसपट वाढत जाते. माया लेखक अंक उभे मांडतात, सर्वांत खालचे घर एककाचे, त्यावरचे विसाचे. तिसरे घर मात्र चारशेचे नसून तीनशे साठाचे असते, कारण ही घरे दिवस मोजण्यासाठी आहेत आणि तीनशे साठ दिवस म्हणजे जवळजवळ एक वर्ष. पुढची घरे पुन्हा वीसपटीने वाढतात : ७,२०० आणि १,४४,०००. शिंपल्यासारखे दिसणारे एक चिन्ह अनेक ठिकाणी येत असे; ते शून्य होय, हे फोर्स्टेमान यांनी बेरजा जुळवून सिद्ध केले. काळ्या शाईतील अंक दिवसांचे अंतर दाखवितात आणि तांबड्या शाईतील अंक त्या अंतराने येऊन पोहोचलेल्या दिवसाचा क्रमांक सांगतात, हेही याच रीतीने ठरले. काळा अंक मिळवावा, तेरांनी भागावे, उरलेली बाकी तांबड्या अंकाशी पडताळावी. एखाद्या वाण्याच्या खतावणीतील जमाखर्च तपासावा तशी ही पडताळणी त्यांनी पानोपानी केली.

येथे तेरांचा संबंध काय, हे सांगावयास हवे. माया पंचांगात एकाच वेळी दोन चाके फिरतात. एकावर एक ते तेरा हे अंक, दुसऱ्यावर दिवसांची वीस नावे. दोन्ही रोज एकेक दात पुढे सरकतात. त्यामुळे तोच अंक आणि तेच नाव पुन्हा एकत्र यावयास १३ × २० म्हणजे २६० दिवस लागतात. या २६० दिवसांच्या चक्राशेजारी ३६५ दिवसांचे वर्षही चालू असते, आणि दोन्हींची जुळणी १८,९८० दिवसांनी, म्हणजे बावन्न वर्षांनी, पुन्हा पहिल्यासारखी होते. परंतु बावन्न वर्षांनी तीच तिथी परत येणार असेल तर कोणत्या बावनीतील ती तिथी, हे कसे कळावे? आपल्याकडे प्रभव, विभव ही साठ संवत्सरे पुनःपुन्हा येतात. नुसते संवत्सराचे नाव लिहिले तर साल निश्चित होत नाही, म्हणून जोडीला शक लिहावा लागतो. माया लोकांनीही हीच युक्ती योजली होती. एका आद्य दिवसापासून आजवर किती दिवस लोटले याची अखंड गणना ते लिहीत. फोर्स्टेमान यांनी पोथीतील मोठमोठे आकडे उलगडून हा आद्य दिवस कोणता तेही सांगितले : ज्या दिवसाचे माया नाव चार आहाउ, आठ कुम्कु, तो. त्यांच्या काळी या दिवसाची आपल्या कालगणनेशी सांगड बसलेली नव्हती. पुढे गुडमन, मार्तीनेस व टॉम्सन यांच्या प्रयत्नांनी ती बसली, आणि तो दिवस इ. स. पूर्व ३११४ च्या ऑगस्ट महिन्यातील असल्याचे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

२६० हाच आकडा माया लोकांनी का निवडला याविषयी अनेक तर्क झाले आहेत. कोणी म्हणतात, मनुष्याच्या गर्भवासाचा काळ साधारण तेवढाच असतो. दुसरा एक तर्क आकाशाशी निगडित आहे आणि गोवा-बेळगावच्या वाचकांना तो विशेष जवळचा वाटेल. होंडुरासमधील कोपान हे माया नगर विषुववृत्ताच्या उत्तरेस पंधरा अंशांच्या किंचित अलीकडे आहे. तेथे सूर्य एप्रिलच्या अखेरीस बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे झुकतो, आणि ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास परतताना पुन्हा डोक्यावर येतो. या दोन शून्यसावलीच्या दिवसांत १०५ दिवस जातात आणि वर्षाचे उरलेले दिवस २६० राहतात. गोवा व बेळगाव हे त्या अक्षांशांच्या थोडे उत्तरेस असल्याने आपल्याकडे हे दोन दिवस मेच्या आरंभी व ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पडतात. ऑगस्टचा दिवस ढगांमुळे बहुधा वायाच जातो; पण मेमध्ये मध्यान्ही अंगणात काठी उभी करून पाहणाऱ्यास तिची सावली नाहीशी झालेली दिसेल. हा तर्क सुंदर आहे. मात्र तो सर्वमान्य झालेला नाही.

आता फोर्स्टेमान यांच्या सर्वांत मोठ्या शोधाकडे येऊ. पोथीच्या ४६ ते ५० या पाच पृष्ठांवर त्यांना चार आकडे त्याच क्रमाने पुनःपुन्हा आढळले : २३६, ९०, २५० आणि ८. त्यांची बेरीज ५८४ होते. पाचही पृष्ठांवर तेच. ज्याने कधी आकाशाकडे पाहिले नाही त्याला या संख्येने काहीच सांगितले नसते. परंतु शुक्र एकदा पहाटे पूर्वेस उगवल्यापासून पुन्हा तसाच उगवेपर्यंत सरासरी ५८३.९२ दिवस जातात, हे फोर्स्टेमान यांना ठाऊक होते. पंचांगात शुक्राचा अस्त आणि उदय आपण पाहतो, कारण लग्नाच्या मुहूर्तांना तो आड येतो. तोच हा हिशेब. शुक्र सूर्यासमोर येऊन अस्तंगत झाला की जेमतेम आठवडाभर दिसत नाही, सूर्याआड गेला की बरेच दिवस दिसत नाही. पोथीतील आठ दिवस म्हणजे तो छोटा अस्त, नव्वद दिवस म्हणजे मोठा, आणि २३६ व २५० हे पहाटेच्या व सायंकाळच्या चांदणीचे दिवस. यांपैकी आठाचा आकडा निसर्गाला धरून आहे. इतर तीन नाहीत. मोठा अस्त प्रत्यक्षात पन्नास दिवसांच्या आसपास असतो. मग नव्वद का? २३६ दिवस म्हणजे जवळजवळ बरोबर आठ चांद्रमास होतात. त्यावरून शुक्राची गती चंद्राच्या महिन्यांशी जुळवून घेण्याचा हा प्रयत्न असावा असे काही अभ्यासकांना वाटते.

वाचकांनी आता कागद-पेन्सिल घ्यावी. शुक्राच्या पाच फेऱ्या म्हणजे ५ × ५८४ = २,९२० दिवस. आठ वर्षे म्हणजे ८ × ३६५ = २,९२० दिवस. पाच पृष्ठे का, याचे उत्तर हे. पाचव्या पृष्ठाच्या शेवटी शुक्र आणि वर्ष दोघेही एकाच घरी येतात. परंतु २६० चे चाक त्या दिवशी आरंभीच्या ठिकाणी नसते. ते तेथे यावयाचे तर ही पाच पृष्ठे तेरा वेळा फिरवावी लागतात, आणि म्हणूनच प्रत्येक पृष्ठावर दिवसांच्या नावांच्या तेरा ओळी आहेत. तेरा पंचके पासष्ट. पासष्ट फेऱ्यांचे ३७,९६० दिवस झाले की शुक्र, सौर वर्ष आणि २६० दिवसांचे चक्र ही तिन्ही एकत्र येतात. १०४ वर्षांचा हा काळ पाच पृष्ठांत बसविला आहे. ज्या रेघांना लोक इतकी वर्षे नुसती नक्षी समजत होते ती ग्रहगणिताची कोष्टके निघाली.

या कोष्टकाच्या आधीचे पृष्ठ मूळ क्रमाने पाहता चोविसावे येते. त्यावर १३,६४,३६० व १३,६६,५६० असे दोन प्रचंड आकडे फोर्स्टेमान यांना वाचता आले. दुसऱ्या आकड्याला २६० ने भागा, निःशेष भाग जातो. ३६५ ने भागा, जातो. शुक्राच्या ५८४ ने भागा, तरी जातो. मंगळाच्या फेरीचे दिवस ७८० मानले तर त्यानेही जातो. असा आकडा योगायोगाने हाती येत नाही. तो कोणीतरी शोधून काढलेला असतो, आणि तो शोधणाऱ्या अनाम गणितज्ञाशी आपली गाठ पडली असे ड्रेस्डेनच्या त्या खोलीत बसलेल्या गणितशिक्षकाच्या मुलाला वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

शुक्रानंतर चंद्र. ५१ ते ५८ या पृष्ठांवर १७७ आणि १४८ दिवसांची अंतरे येतात. सहा चांद्रमासांचे १७७ दिवस व पाचांचे १४८. संपूर्ण कोष्टकात ४०५ चांद्रमास असून त्यांचे ११,९६० दिवस धरले आहेत, आणि हा आकडाही २६० च्या पटीतला आहे. भागाकार केल्यास चांद्रमासाचे जे मान निघते ते आधुनिक मानाहून महिन्यामागे केवळ चोवीस सेकंदांनी अधिक आहे! दुर्बिणीवाचून, घड्याळावाचून, पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून साधलेली ही अचूकता आहे. हे कोष्टक चंद्राचे हे फोर्स्टेमान यांनी ओळखले; ते ग्रहणांसाठी केलेले आहे, हे माइन्सहाउझेन यांनी इ. स. १९१३ मध्ये दाखविले.

आपल्या नायकाचे दोष झाकणे हा चरित्रलेखकांचा जुना रोग आहे. फोर्स्टेमान यांच्याही चुका झाल्या. एकदा आकाशाची किल्ली सापडल्यावर त्यांना ती सर्वच कुलपांना लावावीशी वाटू लागली. ११,९६० दिवसांत बुधाच्याही फेऱ्या बरोबर बसतात हे पाहून त्यांनी त्या कोष्टकात बुध पाहिला. पुढच्या अभ्यासकांना तो दिसला नाही. पोथीच्या ७४ व्या पृष्ठावर आकाशातील एक अक्राळविक्राळ प्राणी मुखातून पाण्याचे लोंढे ओकतो आहे. त्या चित्रात त्यांनी जगाचा प्रलय वाचला. या कल्पनेला पुढे फार पाय फुटले. अखंड गणनेतील १८,७२,००० दिवसांचे एक महापर्व दि. २१ डिसेंबर २०१२ रोजी पूर्ण होणार, असे गणिताने निघताच माया लोकांनी त्या दिवशी जगाचा अंत सांगितला आहे अशी आवई जगभर उठली आणि कित्येक भाबडी माणसे घाबरून गेली. वस्तुतः पालेंके येथील एका शिलालेखात माया लेखकांनी इ. स. ४७७२ मधील एका दिवसाचा निर्देश करून ठेवला आहे. ज्यांना जग २०१२ मध्ये संपावयाचे वाटत असेल ते असे करणार नाहीत. पोथीतील शब्दही फोर्स्टेमान यांना वाचता आले नाहीत. माया लिपीच्या उच्चारांचा मार्ग क्नोरोझोव्ह या रशियन पंडिताने इ. स. १९५२ मध्ये खुला केला. फोर्स्टेमान यांनी अंक वाचले, आणि अंकांच्या बाबतीत त्यांचे बहुतेक सर्व निष्कर्ष आजही अबाधित आहेत.

इ. स. १८८७ मध्ये त्यांनी ग्रंथालयाच्या प्रमुखपदाचा भार उतरविला. पोथीचे काम मात्र सोडले नाही. इंग्रज संशोधक मॉड्स्ली यांनी कोपान व इतर नगरांतील शिलास्तंभांची उत्कृष्ट छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. ती पाहून, पोथीत सापडलेली अखंड गणना दगडांवरही आहे काय हे त्यांनी तपासले, आणि इ. स. १८९४ मध्ये कोपानच्या स्तंभांवरील तारखा वाचून दाखविल्या. अरण्यात उभ्या असलेल्या त्या स्तंभांना आपापले वर्ष व दिवस मिळाले, ते हजारो मैल दूर असलेल्या एका बहात्तर वर्षांच्या वृद्धाकडून. त्याच सुमारास अमेरिकेत गुडमन हे वृत्तपत्राचे संपादक स्वतंत्रपणे याच वाटेने जात होते. त्यांचा ग्रंथ इ. स. १८९७ मध्ये निघाला. शोधाचे श्रेय कोणाचे यावर वाद घालणे काहींना आवडते. कालानुक्रम पाहता त्याची आवश्यकता दिसत नाही.

आयुष्याची अखेरची वर्षे फोर्स्टेमान यांनी बर्लिननजीक शार्लोटेनबुर्ग येथे काढली. संपूर्ण पोथीवरील त्यांचे भाष्य इ. स. १९०१ मध्ये जर्मन भाषेत आणि १९०६ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत प्रसिद्ध झाले. दि. ४ नोव्हेंबर १९०६ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शुक्राच्या कोष्टकात एक गोष्ट मात्र उलगडावयाची राहिली होती. एका फेरीला ५८४ दिवस धरले तर पासष्ट फेऱ्यांत पाच दिवसांची चूक साठते. इतके काटेकोर लोक ती चूक कशी राहू देतील? त्यांनी ती राहू दिली नव्हती. ठराविक काळाने चार वा आठ दिवस वगळण्याची सोय चोविसाव्या पृष्ठावरील आकड्यांत होती. ती टीपल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने इ. स. १९२६ मध्ये उलगडली. आपल्याकडे अधिक मास घालून चंद्र-सूर्याचा मेळ राखतात. तेथे दिवस वगळून शुक्राचा मेळ राखीत.

इ. स. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर बॉम्बवर्षाव झाला व नगराचा मध्यभाग बेचिराख झाला. पोथी सुरक्षिततेसाठी तळघरात ठेवलेली होती. आग तिच्यापर्यंत पोहोचली नाही, पण पाणी पोहोचले. पाने भिजली, चुन्याचा लेप ठिकठिकाणी सुटला, रंग धुपले, काही पृष्ठांवरील अक्षरे कायमची नाहीशी झाली. वाळवून पुन्हा काचेच्या आवरणात बसविताना काही पानांचा क्रमही चुकला. आजही ती पोथी ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात आहे आणि पाहण्यास मिळते. ग्वातेमालाच्या डोंगरांत माया वंशाचे दिनगणक २६० दिवसांचे चक्र अद्याप खंड न पडता मोजीत आहेत. पोथीतील एखाद्या पुसट जागी किती ठिपके होते असा प्रश्न आला, की अभ्यासक मूळ पोथीकडे न जाता इ. स. १८८० च्या त्या साठ संचांपैकी एखादा उघडतात.